दुसरा खिळा

"इमान दर्यात पडलं, मग तू कसा ऱ्हायलास?" मामंजींनी चौथ्यांदा विचारलं.

प्रशांतचा घास हातातच राहिला. "आबा, त्यात कुनी बसतच न्हाई. आमी किनाऱ्यावर बसून चालवतो. वर कॅमेरा असतो. अनोळखी होडी दिसली की गस्तीच्या बोटीला कळवायचं."

"बिनमानसाचं इमान! फौजेत सुभेदार व्हतो मी, मला शिकीव तू."

सोप्यात थोरल्या दिरांचा, लालासाहेबांचा, हार घातलेला फोटो. ते काश्मिरात लढताना गेले. त्र्याण्णवच्या मुंबईतल्या स्फोटांनंतर किनाऱ्यावर पाळत वाढली. पुढं नौदलातल्या प्रशांतला या नव्या विमानांच्या चाचण्यांवर घेतलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पायल पोटात होती.

गेल्या सोमवारी गावातल्या दादासोच्या एसटीडी बूथवर तळावरून फोन आला, 'प्रशांतचं विमान समुद्रात पडलं.' तेवढ्यात लाइन तुटली. 'चाचण्या थांबल्यात, रजेवर येतोय' हा पुढचा निरोप कुणी ऐकलाच नाही. तासाभरात अंगण भरलं. "त्यात माणूस नसतो हो!" मी ओरडत होते. "शिकल्याली हाय, याड लागलं तिला," म्हणत शेजारच्या दगडाबाईनं माझ्या बांगड्या फोडल्या. शेवटी मलाही वाटलं, असेल एखाद्यात माणूस.

शाळेची पोरं झेंडे घेऊन आली. मामंजी ताठ उभे राहिले. लालासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांनी प्रशांतच्या फोटोसाठी स्वतः खिळा ठोकला.

तिसऱ्या दिवशी प्रशांत एसटीतून उतरला.

"गावानं सलामी दिली मला," मामंजी आता म्हणाले. "कुठं दावू त्वांड?"

"मी जित्ता हाय, त्याचं काय न्हाई व्हय?"

मामंजी उठून दाराकडं निघाले. कोरेगावच्या स्टुडिओत मोठा करायला दिलेला प्रशांतचा फोटो कालच आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेला.

"चुलीत घाला त्यो," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी दारातून वळलेही नाहीत. "ऱ्हाऊ दे. लागंल."

प्रशांत ताटाकडं बघत राहिला. मी पायलला त्याच्याजवळ बसवलं, सांडशी घेतली आणि स्टुलावर चढले.

"काय करतीस गं?" मामंजी गरजले.

लग्न झाल्यापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते.

"माणूस जेवायला बसलाय, मामंजी. खिळा कशाला?"

खिळा वाकडा होऊन निघाला. भिंतीला भोक राहिलं. खाली सांडलेला चुना पायल बोटानं टिपत होती आणि बापाच्या ताटाशेजारी रेघा ओढत होती.