दोघांची नोंद

एखादी गोष्ट कॅन्सल करायची तरी माणसाला आतून काहीतरी वाटावं लागतं. नीलांबरीला तेवढंही वाटत नव्हतं, म्हणून ती कोलोरॅडोला गेली. दुसरं कारण नाही. मागाहून लोकांनी काय काय अर्थ लावले. नवऱ्याची शेवटची इच्छा पुरी करायला गेली म्हणे, मन मोकळं करायला गेली म्हणे. कसलं काय! जुलैत मोटेलची ईमेल आली, तुमचं बुकिंग तीन आठवड्यांवर आलंय म्हणून, आणि ती उठून बॅग भरायला लागली, इतकंच.

बुकिंग मोरेश्वरने केलेलं, आदल्या सप्टेंबरात. रिटायर झाल्यापासून त्याने डोंगरांतल्या खिंडींची एक यादी केली होती आणि दर ऑगस्टला दोघं त्यातल्या एक-दोन ओलांडून येत. ही सोळावी. नोव्हेंबरात, नेपरव्हिलच्या घरासमोर, मोसमातला पहिला बर्फ फावड्याने बाजूला करताना तो खाली बसला तो उठलाच नाही. नीलांबरी तेव्हा आत चहा गाळत होती.

त्यानंतरचे नऊ महिने तिला नीटसे आठवत नाहीत. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ कसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळंच होऊन बसलं होतं. रडणं नाही, चिडणं नाही. बायका डबे घेऊन येत आणि जाताना जिन्यापाशी कुजबुजत, "घट्ट आहे हो बाई." घट्ट कुठली, बधिर झाली होती. पण हे कोण बघायला बसलंय?

आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. मोरेश्वर गेला हे तिने स्वतःच्या तोंडाने एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. भारतात फोन केले ते मुलीने, हिमानीने. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं ते मैत्रिणीने, वीणाने. बँकेत, इन्शुरन्सला, सगळीकडे जावई गेला. ती जवळ बसून मान हलवायची. लँडलाइनवर कुणी मोरेश्वरला विचारलं तर म्हणायची, "ते घरी नाहीत," आणि फोन ठेवून द्यायची.

"आई, धिस इज क्रेझी," हिमानी म्हणाली. "एकटीने कुणी हाय आल्टिट्यूडला जातं का? मी येते, नाहीतर कॅन्सल कर."

"बुकिंग आहे," नीलांबरी म्हणाली. आणि आली निघून.

सकाळी सातला तिने भाड्याची गाडी ट्रेलच्या, म्हणजे डोंगरात जाणाऱ्या पायवाटेच्या, तोंडाशी लावली. तिथे खांबावर एक लाकडी पेटी असते. झाकण उघडलं की आत वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. डोंगरात जाणाऱ्याने नाव लिहायचं, किती माणसं, कुठे, परत किती वाजता. उतरून आलं की समोर खूण करायची. ही वही म्हणजे मोरेश्वरचं खास खातं. चष्मा पुसून, बँकेचा फॉर्म भरावा तसं तो मोठ्या अक्षरांत लिहायचा, आधी स्वतःचं पूर्ण नाव, मग तिचं, माणसं दोन, परत तीन वाजता. तिच्या हातात पाण्याच्या बाटल्या देऊन तो लिहीत असे आणि ती मागून म्हणत असे, "अहो, आवरा, लोक थांबलेत."

आज मागे कुणीच नव्हतं. तिने पेन्सिल घेतली आणि पंधरा खिंडींच्या वेळी पाहिलं होतं तस्संच लिहून काढलं. मोरेश्वर, नीलांबरी. माणसं दोन. परत तीन वाजता. झाकण लावलं आणि चालू लागली. काय लिहिलं याचा विचार डोक्याला शिवलाही नाही. सवयीचा हात, दुसरं काय!

दरी सुरेख होती, असं म्हणायला हवं. दोन्हीकडे कडे, मधून ओढा, ओढ्याच्या काठाने निळी-पिवळी फुलं गुडघ्यापर्यंत. नीलांबरीने ते सगळं पाहिलं आणि पुढे गेली. तीन मैलांवर दगडी गाव लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांदीच्या खाणीसाठी वसलेलं, खाण बंद झाली तशी माणसं उठून गेली. बारा-पंधरा घरं, जाडजूड दगडी भिंती, छपरं उडालेली, खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचा डोंगर दिसतोय. मोरेश्वर असता तर प्रत्येक भिंतीला हात लावून दगड कसे बसवलेत ते सांगत बसला असता, सिव्हिल इंजिनिअर ना! ती एका घराच्या उंबऱ्यावर बसली, थालीपीठ खाल्लं आणि उठली. डब्यात चार होती. तीन उरली.

खिंडीची चढण तिथून दोन मैल. मोरेश्वर नेहमी पुढे असायचा आणि वळणाआड गेला की ती ओरडायची, "अहो!" लगेच वरून "ओ!" यायची, चांगली खणखणीत. येणारेजाणारे गोरे लोक दचकून बघायचे. तिने त्याला नावाने कधी हाक मारली नाही. घेतलं ते फक्त उखाण्यात, लग्नात आणि हिमानीच्या बारशाला. दर खिंडीत पोचलं की तो चिडवायचा, "आता तरी घे नाव, इथे ऐकायला फक्त उंदीर आहेत." ती म्हणायची, "काहीतरीच तुमचं."

आज सगळ्या चढणीवर तिने हाक मारली नाही. मारायची कुणाला?

वर पोचायला साडेबारा झाले. बाराच्या आत खिंड सोडायची हा मोरेश्वरचा दंडक, कारण दुपारी या डोंगरांत विजा पडतात. पण दंडक घालणाराच नव्हता. ती दगडावर बसून राहिली. बाजूने एक जोडपं उतरत गेलं. "यू ओके?" त्यांनी विचारलं. "ओके," ती म्हणाली. पश्चिमेला आभाळ काळं झालं तेव्हा कुठे उठली. गावापर्यंत येते न येते तोच गारांनी गाठलं. एका घराच्या कोपऱ्यावर पत्र्याचा तुकडा शिल्लक होता, त्याखाली ती शिरली. गारा थांबल्या, तीन वाजले, चार वाजले, वर पुन्हा गडगडायला लागलं. बूट ओले, मोजे ओले, बोटं पांढरी. थंडी वाजायला हवी होती, पण वाजत नव्हती. उतरायला हवं होतं, पण उठवत नव्हतं.

इकडे खाली काय झालं ते ऐका. ते जोडपं ट्रेलच्या तोंडाशी पोचलं आणि तिथल्या स्वयंसेवकाला म्हणालं, वर खिंडीत एक वयस्क बाई एकटीच बसलीय, जरा हरवल्यासारखी वाटली. त्याने वही काढली. आडनाव एक, माणसं दोन, परत तीन वाजता. गाडी अजून जागेवर. बाई दिसली, मग नवरा कुठाय? त्यात खिंडीवर वीज पडलेली लोकांनी पाहिली होती. त्याने गावात फोन लावला आणि अर्ध्या तासात सहा माणसं दोर, स्ट्रेचर घेऊन वर निघाली. पगारी नव्हेत हो, आपापली कामं टाकून आलेली.

सहा वाजता नीलांबरीने हाक ऐकली. आधी तिला कळेचना काय शब्द आहे. "मो...रेश...वार!" मग दुसऱ्या बाजूने, जाड आवाजात, "मोरेश्वार!" कडे ती हाक झेलत आणि परत टाकत. चाळीस वर्षं जे नाव तिने जिभेवर ठेवलं नाही, ते सगळी दरी मोठमोठ्याने घेत होती. हाक झाली की माणसं गप्प व्हायची, ऐकत राहायची. नीलांबरीही श्वास धरून ऐकत राहिली. खरंच सांगते, तिने वाट पाहिली. ओ येईल म्हणून.

ओ आली नाही.

पिवळ्या जाकिटातली एक मुलगी भिंतीआडून आली. हिमानीपेक्षाही लहान असेल. तिने चटकन गुडघे टेकले, चांदीसारखी चकचकणारी शाल नीलांबरीच्या खांद्यांवर घातली. "सापडलात तुम्ही! लागलं का कुठे? तुमचे मिस्टर कुठे आहेत? तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"नोव्हेंबरमध्ये," नीलांबरी म्हणाली.

मुलीचा चेहरा बदलला. थंडीने बाईचं डोकं चालेनासं झालंय असं तिला वाटलं, दुसरं काय वाटणार बिचारीला! तिने हळू आवाजात तिचं नाव विचारलं, साल विचारलं, महिना विचारला. नीलांबरीने सगळं बरोबर सांगितलं. "मग नवरा नोव्हेंबरात कसा?" असं मुलीच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तेवढ्यात मुलीच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. खालच्या माणसाचा आवाज होता. गावाला वळसा घालून वर गेलेले दोघं खिंडीखाली पोचलेत, पण त्यांच्याशी संपर्क तुटलाय. त्यातला एक आधीच घसरलाय, गुडघा सुजलाय, तरी म्हणत होता, म्हातारा माणूस आहे, रात्र काढू शकणार नाही, मी थांबत नाही. आणि वादळ परत येतंय.

नीलांबरीने वर पाहिलं. खिंडीखालच्या घसरड्या दगडांवर दोन पिवळे ठिपके हलत होते. त्यांच्यामागे आभाळ शाईसारखं. त्या ठिपक्यांनाही कुणाचं तरी घर असेल, तिथे कुणीतरी चहा गाळत असेल. वहीत काय लिहिलं ते तिला आत्ता, या क्षणी दिसलं. माणसं दोन. माझ्या हाताने. आता इथे हिमानी नाही, वीणा नाही, जावई नाही. आता बोलायचं ते आपणच, आणि लगेच.

तोंड उघडलं, शब्द येईना. मुलगी म्हणाली, "मॅम, घाबरू नका. आम्ही त्यांना शोधून काढू."

"नका शोधू," नीलांबरी म्हणाली. "वरच्यांना बोलवा खाली. ते... ही इज डेड. माझा नवरा वारला. अकरा नोव्हेंबरला, घरासमोर. आज मी एकटीच आले. वहीत दोन लिहिलं ते मी. सवयीने लिहिलं. माझी चूक झाली हो. माझी चूक झाली."

शेवटचं मराठीत गेलं, पण मुलीला कळलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नीलांबरीचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि खांद्यावरचा वायरलेस हनुवटीने दाबून म्हणाली, "सगळ्यांनी थांबा. माणूस एकच आहे. सापडलेली आहे."

खालून उत्तर आलं. वरून आलं नाही. मुलीने तीनतीनदा सांगून पाहिलं. वर काही पोचत नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, खाली या म्हणून, पण वारा शब्दांचे तुकडे करत होता. वरचे ठिपके एकमेकांकडे बघून अजूनच वर सरकले. आणि पुन्हा तीच हाक आली, दमलेली, चिकाटीची.

"मोरेश्वार!"

"शब्द त्यांना कळत नाहीयेत," मुलगी म्हणाली. "ते फक्त उत्तराची वाट बघताहेत. हाकेला लगेच कुणी उत्तर दिलं, तरच समजतील सापडला म्हणून. तरच वळतील."

नीलांबरी भिंतीला धरून उठली. छपराखालून बाहेर आली, गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत, चारी बाजूंना रिकामी घरं. वर विजेची रेघ चमकून गेली. मुलगी तिच्या दंडाला धरून उभी राहिली.

"मोरेश्वार!"

"ओ!" नीलांबरी ओरडली.

पहिली ओ घशातच फाटली. तिने छाती भरून घेतली आणि तो द्यायचा तशी दिली, खणखणीत, पोटातून. "ओ!" समोरच्या कड्याने ती घेतली, मागच्या कड्याने घेतली आणि सगळी दरी ओ देत राहिली. वरचे ठिपके थांबले. एकाने हात वर केला. मग दोघंही वळले आणि हळूहळू, एकमेकांना धरून उतरायला लागले.

"झालं, मॅम," मुलगी म्हणाली. "ऐकू गेलं त्यांना. आता पुरे."

वरची हाक बंद झाली होती. नीलांबरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, दात थडथड वाजत होते, थंडी हाडापर्यंत पोचली होती, पाय ठणकत होते. नऊ महिन्यांत पहिल्यांदा सगळं दुखत होतं. मुलगी तिला जवळ घेऊन पुरे, पुरे म्हणत होती, पण नीलांबरीला काही थांबता येईना. आता कुणीही हाक मारत नव्हतं, तरी ती ओ देतच राहिली.