उजवी की डावी

"हात वर, ताई! दोन्ही हात वर, आणि मन रिकामं!"

माईक खरखरला आणि भाड्याच्या त्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेल्या बायांनी श्वास रोखले. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने पुढे जाऊन हात वर केले. व्यासपीठावरच्या बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "डावी छाती. आग आहे, आग!"

बाईला रडू फुटलं. "डावीच हो! मी तर तोंडही उघडलं नव्हतं!"

हॉल हरखून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "हॉस्पिटलवाले ढीगभर फोटो काढतात. यांना बघा, नुसतं बोट पुरतं."

तिसऱ्या रांगेतली डॉक्टर दात-ओठ खात ऐकत होती. रुमाल तिच्याही डोक्याला होता. स्वतःच्या दवाखान्याची पायरी ती कित्येक महिन्यांत चढली नव्हती. कॅन्सरने तिची एक छाती नेली होती आणि औषधांनी केस. केस आता कुठे उगवू लागले होते. लेक त्या मऊ लवेवरून हात फिरवून खिदळायची, "आई, तू बाळ झालीस!" पण इथे डॉक्टर बरी व्हायला आली नव्हती. ती सूड घ्यायला आली होती.

सलाईनमधून औषध घेताना तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीण असायची. "डॉक्टरीणबाई, तुमचे ब्लाऊज मीच शिवणार," ती म्हणायची. "एका बाजूला जाड अस्तर घालते. कुणाच्या बापाला कळणार नाही!" मग शिंपीण यायची बंद झाली. औषधाने आग वाढते, असं बाबांनी तिला सांगितलं होतं. आजार वाढला आणि ती गेली. आणि आता याच बाबांनी डॉक्टरच्या नणंदेला बजावलं होतं, "सुरी लागली की संपलीस." ऑपरेशन परवावर आलं होतं आणि नणंद ढिम्म हलायला तयार नव्हती.

"वहिनी, माझं तर अजून काही कापलेलंही नाही," नणंद कुजबुजली. "तरी माझी बाजू बरोबर सांगितली. कशी, ते तू सांग ना!"

ते डॉक्टरला सांगता येत नव्हतं. तेच तिला जाळत होतं.

पुढची बाई उठली. तिचा डावा हात सरळ छताकडे गेला. उजवा कानापाशी येऊन अडला. तिने ओठ चावला.

"उजवी!" बाबा गरजले.

डॉक्टर ताठ झाली. तो अडलेला हात तिच्या चांगल्या ओळखीचा होता. ऑपरेशननंतर त्या बाजूचा खांदा धरतो, काख ओढते. ती स्वतः रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायची आणि लेक पेन्सिलीने खूण करायची. आणि नणंद? तपासणीसाठी तिच्या काखेत सुई घातली होती. हात वर करताना तीही कळवळलीच असणार!

"चोरा," डॉक्टर पुटपुटली आणि उठून पुढे गेली.

"हात वर, ताई!"

ऑपरेशन झालेल्या बाजूचा, डावा हात तिने पार वर नेला. काखेत तार ताणल्यासारखी कळ गेली, पण चेहऱ्यावर रेषही उमटू दिली नाही. धडधाकट उजवा मात्र कानापाशीच थांबवला आणि हळूच म्हणाली, "आई गं!"

बाबांचे डोळे मिटले. बोट कपाळाला टेकलं. "उजवी छाती!"

"नक्की?"

"आम्ही चुकत नसतो."

डॉक्टर नणंदेकडे वळली. "माझ्या जखमेच्या पट्ट्या कोण बदलायचं गं?"

नणंद उठली तेव्हा तिची खुर्ची मागे कलंडली. बाबांकडे बघत ती कशीबशी म्हणाली, "मी. डावी... डावी बाजू आहे हो तिची."

बाबा क्षणभरच गडबडले. "डावी होती! आता रोग उजवीकडे सरकलाय. सांभाळ, बाई!"

डॉक्टरचा हात नकळत उजव्या छातीकडे गेला. या आजारातून उठलेल्या माणसाला ही एक भीती कधी सोडत नाही, आणि या माणसाला ती नेमकी ठाऊक होती. शिंपिणीलाही याने असंच गाठलं असेल. त्या विचारासरशी तिचे पाय पुन्हा घट्ट रोवले गेले.

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बाबांपुढे धरला. "बांधा डोळ्यांवर. आम्ही हात वर करायच्या आधी. मग सांगा कुणाची कुठली."

"शक्तीची परीक्षा घेतेस? कोपेल!"

"कोपू दे. बांधा."

बाबा रुमालाला हात लावीनात. डॉक्टरने दोघीतिघींना पुढे बोलावलं. "हात वर करा गं. तुमची डावी. तुमची उजवी. आणि तुम्ही कुणासोबत तरी आलात, तुम्हाला काही झालेलं नाही."

"अगंबाई! बहिणीसोबत आले मी!"

"मला कसली सिद्धी नाही. दुखरा हात वर जात नाही, एवढंच. तो यांना दिसतो, मग हे डोळे मिटतात. तुमचं दुखणं तुम्हालाच विकतात."

बाबा मागच्या दाराकडे निघाले.

"आता कोण सरकतंय?" कुणीतरी ओरडलं. हशा उसळला आणि बायांनी दारापुढे खुर्च्या रचल्या.

"बसा, बाबा," फोन लावत डॉक्टर म्हणाली. "पोलीस येतायत. ते म्हणाले तरच हात वर करा."

पोलीस येईपर्यंत ती बाबांसमोर खुर्ची टाकून बसली आणि त्यांच्या कपाळावरचा घाम बघत राहिली. तिला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

घरी जाताना नणंद म्हणाली, "रोग सरकलाय म्हणाला, तेव्हा तू पांढरीफटक पडली होतीस."

"घाबरले ना."

"तूसुद्धा?"

"मग? उद्याच दुसरी बाजू तपासून घेणार आहे. घाबरण्यात काही चूक नाही गं. पण घाबरलं की तपासायचं, विचारायचं, पुरावा मागायचा. जो तपासू देत नाही त्याच्या हाती आपला जीव द्यायचा नाही. मग तो बाबा असो नाहीतर डॉक्टर."

फाटकाशी आल्यावर नणंद थांबली. मग तिने विचारलं, "परवा सकाळी उपाशीपोटी जायचं असतं ना?"

"हो. पाणीसुद्धा नाही."