ठेवलेलं भुसकट

बुधवारी दुपारी बाबांनी मला गोठ्यात उभं केलं आणि मक्याची वाळलेली ताटं धरायला लावली. ते कोयत्याने वीतवीतभर तुकडे पाडत होते. मी चार दिवसांच्या सुट्टीवर आले होते, आणि सुट्टीवर आलेलं माणूस आमच्या घरी रिकामं बसलेलं कुणाला बघवत नाही.

गवत संपून दोन महिने झाले होते. माळ पायपुसण्यासारखा दिसत होता. आमच्या नऊ शेळ्या त्या काळात दुसऱ्यांच्या शेतातल्या उरल्यासुरल्यावर जगत होत्या: मक्याची ताटं, भुईमुगाचे वेल, घेवड्याची टरफलं. शेळी काहीही खाते असं लोक म्हणतात. हे लोक शेळी न पाळणारे असतात. शेळी आधी वास घेते, मग तोंड फिरवते, मग तुमच्याकडे बघते. खाली पडलेल्याला तर ती तोंडच लावत नाही. म्हणून बाबा वेलांच्या पेंढ्या बांधून तिच्या मानेच्या उंचीवर टांगत. ताटांचे तुकडे मात्र टोपलीत. दोन ओंजळी ताटं, एक ओंजळ टरफलं, वर मिठाच्या पाण्याचा शिडकावा.

"नुसती टरफलंच द्या की. आवडीने खातात," मी म्हटलं.

"तुलाही लहानपणी नुसता गूळ आवडायचा."

नवीन काही द्यायचं तर ते आठवडाभर चिमटीचिमटीने वाढवत. शेळीच्या पोटाला कुठलीही बातमी हळूहळू द्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी मला फाटक्या पोत्यांचा ढीग दाखवला आणि संध्याकाळपर्यंत ठिगळं लावायला सांगितलं. घेवड्याची मळणी पुढच्या आठवड्यात होती. मी तीन पोती शिवली आणि कंटाळले.

गुरुवारी सकाळी ते बूट घालायला पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. आईला वाटलं, नाडीची गाठ बसली असेल.

पुढचे तेरा दिवस घरात माणसं येत राहिली. आईशी काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं. अशा वेळी शेळीला खायला घालता येतं. प्रत्येक जण बसून, चहा पिऊन, उठताना गोठ्यात डोकावायचा, "मुकी जनावरं, त्यांनाही कळतं हो," म्हणायचा आणि कोपऱ्यातल्या टरफलांच्या ढिगातून दोन मुठी उचलून घालायचा. मावशीने तर घमेलंच रिकामं केलं. शेळ्यांना काय कळलं ते माहीत नाही, पण दोघींची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. भेटायला आलेल्यांना मधे थांबवून आईने त्या शेळ्यांना तेल पाजलं आणि अंगणात फिरवलं. चौदाव्या दिवशी बघितलं तर गवत येईपर्यंत पुरवायचा साठा संपलेला होता. कोपऱ्यात नुसती ताटं उरली होती. ती शेळ्यांनी हुंगली आणि आमच्याकडे बघितलं.

दादाने लगेच एका व्यापाऱ्याला फोन लावला आणि आम्हाला सांगितलं, "रविवारी व्यापारी येतोय. नऊच्या नऊ घेऊन जाईल."

"आणि आई?"

"आईला माझ्याकडे नेतो. तिच्याच भल्यासाठी."

आई दाराशी बसून एका करडाच्या कानातली गोचीड काढत होती. मान वर न करता म्हणाली, "शेळ्यांच्या भल्यासाठी व्यापारी, माझ्या भल्यासाठी तू. ठीक आहे. टेम्पो एकच सांग."

दादा हिरमुसला. तो वाईट नाही, त्याला घोळ सहन होत नाही इतकंच. "अगं, पण चारा कुठाय? महिन्याभराचा चारा दाखवा, मीच व्यापाऱ्याला नको म्हणतो."

"मी आणते," मी म्हटलं. गुरुवार होता.

चारा कुठून आणायचा हे मला माहीत होतं. कसा आणायचा, हेही. बाबा ज्या खळ्यावरून भुसकट उचलत, ते खळं झाडून लख्ख करून देत. धान्याचा दाणा वेगळा, खडा वेगळा, धूळ वेगळी. लोकांना खळं साफ मिळे, बाबांना पोती. चाळीस वर्षं हातगाडी ढकलत त्यांनी हेच केलं, आणि सगळे त्यांना भुसेवाला म्हणत. समोरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

वाटायचं ते मला. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं. कॉलेजात 'शेती'. ग्रंथालयात लागले तेव्हा 'निवृत्त'. कागदोपत्री बाबा बरेच वर चढले. सहावीत असताना एकदा ते शाळेच्या फाटकावरून गाडी घेऊन चालले होते, डोक्यापासून पायापर्यंत भुसकटाने माखलेले. मैत्रिणीने विचारलं, "तुला हात करतायत ते कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीतले आहेत." त्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या रस्त्याने जाऊ लागले. आईने कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडून सावली असते." मागच्या रस्त्याला एकही झाड नाही. आम्ही दोघांनी याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी मी हातगाडी घेतली नाही. फेऱ्या फार होतील असं आईला सांगितलं आणि टेम्पो ठरवला. आई म्हणाली, "बरं."

बाबा जिथून टरफलं आणत त्या घेवडेवालीचं खळं टेकडीच्या पायथ्याशी आहे. मळणी होऊन गेली होती. ती, नवऱ्याचा जुना शर्ट घालून, चाळणीने दाणे चाळत होती. भिंतीलगत टरफलांची पोती शिगोशीग भरून उभी होती. मी मोजली, अकरा. महिना सहज निघाला असता.

"टरफलं हवी होती," मी म्हटलं. "सगळीच. काय घ्याल ते सांगा."

तिने माझ्या चपलांकडे बघितलं, मग टेम्पोकडे. "विकायची नाहीत, ताई. ठेवलीयत."

"कुणासाठी?"

"आहे एक भुसेवाला. दरवर्षी तोच नेतो. यंदा मेला कुठे अडकलाय कोण जाणे. बघा ना खळ्याची दशा." तिने हात फिरवला. खळ्यावर धुळीचे पट्टे होते, मधेमधे दाणे सांडलेले. "झाडायला माणूस लावला होता. खराटा फिरवून गेला नुसता. भुसेवाल्याने झाडलं की इथे पोळी लाटून घ्यावी."

"तो नाही आला तर?"

"येईल की. न येऊन जातो कुठे?" ती चाळणी झटकत हसली. "आणि आला की तासभर लेकीचं पुराण. लेक मोठ्या ग्रंथालयात आहे, हजारो पुस्तकं तिच्या हाताखाली आहेत, एवढालं वाचते. मी म्हणते, अरे, एकदा आण तरी तिला, बघू दे. तर म्हणतो, तिला वेळ नसतो. मला तर वाटतं थापाच मारतो. असू दे, थापा मारल्या तरी झाडतो मात्र चांगलं."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला हात करून थांबायला सांगितलं.

"ताई, तुम्ही त्या पलीकडच्या गिरणीत विचारा," ती म्हणाली. "तिथला कोंडा मिळेल तुम्हाला. ही पोती नाही देता यायची. त्याच्या शेळ्या आहेत हो."

मला साधं 'धन्यवाद' म्हणून गिरणीत जाता आलं असतं. कोंडा मिळाला असता. शेळ्यांच्या पोटाला तो हळूहळू सांगताही आला असता. मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि खळ्याच्या कडेपासून सुरुवात केली. बाबा कडेपासून झाडत की मधून, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"अहो, हे काय करताय?" घेवडेवाली उठून उभी राहिली. "कोण तुम्ही?"

तोंडात धूळ गेली होती. मी ती गिळली.

"भुसेवाले गेले," मी म्हटलं. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला, टेम्पोवाल्यानेसुद्धा मान वळवली. "दोन आठवडे झाले. मी त्यांची मुलगी. भुसेवाला माझे वडील."