गैरअर्जदाराचं नाव

अकोल्यातल्या घरमालकानं सदुसष्ट साली भाडं वाढवलं ते चक्क पान चघळता चघळता. पुढच्या महिन्यापासून पाच रुपये जास्त, एवढं सांगून तो निघूनही गेला. मनकर्णा, म्हणजे धर्मपाल तायडेची बायको, भयंकर संतापली. असं तोंडी भाडं वाढवता येत नाही, हे नवऱ्यानंच तर तिला शिकवलं होतं. नवरा मात्र खुर्चीत बसून हसत होता. त्याला अमरावतीची मैनाबाई आठवली होती, आणि ती आठवली की या गृहस्थाला दुसरं काही सुचत नसे.

मैनाबाईचं घर अंबागेटच्या आत. अठ्ठावन्न साली तिची खालची खोली रिकामी झाली. त्या काळी घर रिकामं झालं की मालकानं कचेरीत कळवायचं आणि कचेरी पाठवील त्या सरकारी नोकराला ते द्यायचं, असा नियम. कचेरीनं पाठवला बांधकाम खात्यातला कारकून धर्मपाल. दोनच वर्षांपूर्वी त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, नावही नवं घेतलं होतं. आपल्या मनानं द्यायची असती तर खोली तुला जन्मात दिली नसती, हे मैनाबाईनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. मग जुनं नाव काय, म्हणून विचारलं. ते आता नाही, एवढंच तो म्हणाला. झालं. पुढची पाच वर्षं तिनं त्याला नुसतं 'बाबू' म्हटलं. जावयाकडून लिहून घेतलेल्या पावतीवरसुद्धा 'सरकारी बाबूकडून नऊ रुपये पोचले' एवढंच. खोली जाण्याची भीती धर्मपालला नव्हती, हुकूम होता. पण स्वतः निवडलेलं नाव राहत्या घरात कुणी तोंडातून काढू नये, हे त्याला रोज टोचायचं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मैनाबाईनं छपरावरचे जुने कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकले, आणि तिला भाडं बारा रुपये हवंसं झालं. मालकाला ते आपल्या मनानं वाढवता येत नसे. रेंट कंट्रोलरकडे अर्ज करायचा, भाडेकरूचं म्हणणं ऐकायचं, मग साहेब ठरवणार. जावई नांदगाव खंडेश्वरला शेतीत अडकलेला, आणि कचेरीबाहेरचा अर्जनवीस दोन रुपये मागत होता. मैनाबाई तणतणत परत आली ती थेट धर्मपालच्या दारात. अर्ज त्याच्याचविरुद्ध, आणि लिहायचाही त्यानंच! या बाईच्या हिमतीला तोड नव्हती.

तो मांडी घालून बसला. पत्रे किती, मजुरी किती, सगळं मन लावून लिहिलं. ती विसरलेली नवी मोरीसुद्धा त्यानंच आठवून घातली. मग 'गैरअर्जदार', म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याचं नाव, या ओळीवर येऊन पेन थांबवला.

"नाव सांगा, बाई."

"लिव ना. तुले तुह्यं नाव मालूम नाई काय?"

"अर्ज तुमचा हाय. तुमी सांगान तेच लिवतो."

मैनाबाई उठून गेली. दोन दिवस अर्ज तसाच पडून राहिला. मनकर्णेनं समजावलं, बिननावाचा अर्ज कुणी घेत नाही, महिन्याचे तीन रुपये वाचतात तर गप्प बसा. त्याला मात्र घास गोड लागेना. म्हातारीनं अर्जनविसाला दोन रुपये देऊन टाकले तर? भाडं वाढण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती अर्ज दुसऱ्याच्या हातून लिहिला जाण्याची.

तिसऱ्या दिवशी ती आली. चौकटीकडे पाहत म्हणाली, "धर्मपाल. धर्मपाल तायडे. लिव आता, कावून पाहून राहिला?"

त्यानं लिहिलं. मग सगळा अर्ज तिला नावासकट वाचून दाखवला. कचेरीत साहेबांनी विचारलं, वाढ मान्य आहे का. अर्ज मीच लिहिलाय साहेब, असं हा म्हणाला. साहेब हसले आणि बारा रुपये ठरवून मोकळे झाले. मनकर्णा महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

पण एकदा जिभेवर बसलेलं नाव मैनाबाईच्या तोंडून काही जाईना. धर्मपाल, बादली सरकव. धर्मपाल, पत्र वाच. धर्मपाल, बडनेऱ्याची गाडी किती वाजता हाय? दिवसातून दहादा. आणि हा घरात बसलेला असूनही पहिल्या हाकेला मुद्दाम ओ द्यायचा नाही. ती दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत थांबायचा.