सोमवार ते रविवार, सात घागरी

राज्याचं बजेट मांडलं की दुसऱ्या दिवशी शेषगिरीअण्णा माझ्या दुकानात येतात. येतातच. इकडं कानडी मुलखात, लॅमिंग्टन रोडवर माझं डीटीपीचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दीड माणूस बसेल एवढी जागा. टायपिंग मला कुणी शिकवलं नाही. जुनी पत्रकं समोर ठेवून शिकलो, कन्नड पण, मराठी पण.

अण्णा विरोधी पक्षाचे पुढारी. बजेटवरचं पत्रक ते कन्नडमध्ये सांगतात, मी टाइप करतो, मग बेळगावच्या मराठी पेपरसाठी मीच त्याचं मराठी करतो. अण्णा मराठी बोलतात झकास. वाचत नाहीत. सही मात्र करतात.

२००३ चा मार्च होता.

"लिही," अण्णा म्हणाले. "हे बजेट नाही, लग्नाची पत्रिका आहे. वर सगळ्यांची नावं, खाली जेवणाचा पत्ता नाही."

गुरुप्रसाद हसला. हा त्यांचा पीए. अण्णांचं वाक्य संपायच्या आधीच हसतो.

पण पुढचं सगळं खरं होतं. आमच्या पाण्यासाठी गेल्या वर्षी ठेवलेले पैसे खर्चच झाले नव्हते, तसेच परत गेले. मंत्र्यांना नव्या गाड्या. इथं पाणी आठ दिवसांनी येतं आणि बजेटमध्ये पैसे कारंज्यांना. अण्णांना आकडा न् आकडा पाठ. ऐकताना माझं डोकं तापत होतं.

म्हणून मधेच बोललो. तिथंच चुकलो.

"अण्णा, आमच्या आत्याचं घाला की. उणकलला असते. खानावळ चालवते, बारा पोरं आहेत कॉलेजची. पाइप नव्या कॉलनीला गेला, हिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. पाण्यापायी खानावळ बंद पडायला आलीय."

"नाव?"

"तानूबाई."

"नाव चांगलं आहे. फोटो पाहिजे. गुरू, फोटोग्राफरला घे. चल रे विठ्ठल, घर दाखव."

जीपमध्ये पुढं बसलो. डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. मला काय भारी वाटत होतं म्हणून सांगू.

नेमकं त्या पहाटे पाणी आलं होतं. आत्याच्या दारात सात घागरी ओळीनं. चिंचेनं घासलेल्या, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं, आणि प्रत्येकीवर खडूनं वार लिहिलेला. सोमवार, मंगळवार, रविवारपर्यंत. मंगळवारी गुरुवारच्या घागरीला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. भांडी घासायला बोअरचं पाणी चालतं. पण ते खारं, त्यात डाळ शिजत नाही. डाळ या सात घागरींवरच.

फोटोग्राफर म्हणाला, "अक्का, एक घागर डोक्यावर उपडी धरा. बाकीच्या पायाशी आडव्या पाहिजेत."

"भरल्यात हो त्या," आत्या म्हणाली. "थांबा, शेजारून रिकाम्या आणते."

"वेळ कुठाय? चारच्या आत पेपरला जायला पाहिजे," गुरुप्रसाद म्हणाला आणि त्यानं सोमवारचं फडकं सोडलं.

गटारात ओतली. मग मंगळवार. आत्या अण्णांकडं बघत होती.

"टँकर पाठवतो की अक्का, संध्याकाळपर्यंत," अण्णा म्हणाले. "नीर एनु, सिगतैति. पाणी काय, मिळतंय." गटाराबाहेर सांडलेलं पाणी जीपच्या चाकाखालून त्यांच्या पायाशी आलं. अण्णांनी धोतर वर उचललं. पांढरंशुभ्र होतं, भिजलं असतं.

"गुरुवारची तरी राहू दे रे," आत्या म्हणाली. "पोरांची परीक्षा आहे गुरुवारी."

"सातही पाहिजेत अक्का," फोटोग्राफर म्हणाला. "आठवडा दिसायला पाहिजे."

आणि मी काय केलं? शनिवारची घागर जड होती, गुरुप्रसादला एकट्याला उचलेना. मी दुसऱ्या बाजूनं धरली.

दुकानात परत आल्यावर अण्णांनी शेवटचं वाक्य सांगितलं. "आमच्या भगिनी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत आणि हे सरकार जनतेचा पैसा रस्त्यावर ओतत आहे." सांगताना आवाज भरून आला त्यांचा. खरंच भरून आला.

मराठीत मी खाली एक वाक्य जास्त टाकलं. 'या फोटोसाठी तानूबाईंच्या सात भरलेल्या घागरी आमच्याच माणसांनी गटारात ओतल्या.' अण्णांनी सही केली. मी फॅक्स केला.

दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं होतं. पत्रिकेचा जोक होता, कारंजी होती, आत्याचा फोटो होता. माझं वाक्य नव्हतं. फोन लावला.

"ते होय?" तिकडचा माणूस म्हणाला. "अण्णा स्वतःबद्दल असं कशाला लिहितील? तुमची काहीतरी चूक झाली असणार म्हणून काढलं. काळजी करू नका, अण्णांना सांगणार नाही."

टँकर आला नाही. गुरुप्रसादला रोज फोन केला. रोज "नाळे", म्हणजे उद्या. खाऱ्या पाण्यातली डाळ ताटात खड्यासारखी वाजायची. बुधवारी पाच पोरं दुसऱ्या खानावळीत गेली. गुरुवारी परीक्षेला जाताना उरलेली गेली. त्यातला एक पाया पडून गेला म्हणे.

आठव्या दिवशी पाणी आलं. मी पहाटेच गेलो. आत्या एकटीच नळावर. जेवायला कुणी नव्हतं, तरी तिनं साती घागरी घासल्या, भरल्या, खडूनं वार लिहिले. मी सोमवारची उचलायला वाकलो.

"ठेव," ती म्हणाली.

"आत नेतो की, आत्या."

"तू त्यांच्या जीपमधून आला होतास."

एकेक करून तिनं साती घागरी स्वतः आत नेल्या. दोनदा दम लागला म्हणून उंबऱ्यावर बसली. मी उभाच. मग उठली, आत गेली आणि कडी लावली. सकाळचे आठ वाजले होते. आत्याचं दार दिवसा कधी बंद नसायचं.