गोळ्यांचे कागद

दर्शनाने सासऱ्यांच्या उशीचा अभ्रा ओढून काढला, उलटा केला आणि झटकला. अभ्र्यातून रबरबँड लावलेली एक जाड गड्डी फरशीवर पडली. तिला आधी जुनी तिकिटं वाटली. उचलली तर गोळ्यांचे कागद. लिंबाच्या गोळीचा, आंब्याच्या गोळीचा, कॉफीच्या टॉफीचा, वेफर चॉकलेटचा. इस्त्री केल्यासारखे सपाट, एकावर एक.

ती गड्डी हातात घेऊन ती खाटेवर बसली आणि लगेच उठली. सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं. दोनदा झाडून झालं होतं, डाळीचे डबे पुसून झाले होते, आता चादरी-अभ्र्यांची पाळी आली होती. हात रिकामा राहिला की रिपोर्ट आठवायचा.

कल्पिताला गहू चालत नाही, हे आठ महिन्यांपूर्वी कळलं. तिसरीतली पोर, दोन वर्षं नुसती वाळत चाललेली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक असं नाव सांगितलं आणि गहू, मैदा, रवा, सातू, सगळं कायमचं बंद केलं. दर्शनाने घरातूनच गहू हद्दपार केला. गिरणीत गव्हामागे ज्वारी दळली तरी पीठ मिसळतं हे कळल्यावर घरघंटी आणली. पोळपाट नवा, तवा नवा. विहारातल्या खिरीत काय घातलंय हेसुद्धा ती विचारून यायची, बायका काय म्हणतील याची लाज न बाळगता. आणि आज सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, तर आकडा होता तिथेच. जो निम्म्यावर यायला हवा होता तो ढिम्म हलला नव्हता.

"कुठून तरी थोडा थोडा गहू जातोय पोटात. शोधा तुम्ही," डॉक्टर फोनवर म्हणाले होते.

शोधायचं म्हणजे कुठे? घरात तर गव्हाचा दाणा नाही. उरल्या शाळेतल्या गोळ्या. वर्गात पन्नास पोरं, दिवसाआड कुणाचा तरी वाढदिवस, आणि वाढदिवस म्हटला की प्रत्येकाच्या मुठीत एक गोळी. कल्पिताने त्या खायच्या नाहीत, घरी आणून डब्यात टाकायच्या, असा नियम होता. शनिवारी दर्शना भिंग घेऊन बसायची आणि एकेक कागद वाचायची. साखर, लिक्विड ग्लुकोज, आंबटपणाचं कसलं तरी आम्ल, इथवर ठीक. माल्ट दिसलं की बाद, कारण ते सातूचं. वेफर बाद. 'गहू असू शकतो' एवढं जरी लिहिलेलं असलं तरी बाद. पोर समोर बसून बघायची, हट्ट म्हणून कधी केला नाही. म्हणूनच दर्शनाला वाटायचं, पोर शहाणी आहे.

तिने नवऱ्याला, सुमितला फोन लावला.

"बोल लवकर. शीळफाट्याला अडकलोय."

"बाबांच्या उशीत गोळ्यांचे कागद सापडलेत. ढीगभर."

"मग?"

"मग काय मग? बाबांना साखर आहे. ते चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. या गोळ्या खाल्ल्या कोणी?"

"अगं, बाबा असं नाही करणार. त्यांना माहितीये सगळं."

"मग पोरीच्या पोटात गहू घालतंय कोण? मी घालतेय?"

पलीकडे हॉर्न वाजत राहिले. मी आल्यावर बोलू, असं काहीसं सुमित म्हणाला. तोवर थांबायला तिच्यात दम नव्हता.

साडेपाचला दगडूबाबा आणि कल्पिता ठाकुर्लीच्या बाजारातून आले. कल्पिता भाजीची पिशवी टाकून शेजारच्या निशिगंधाताईंकडे मांजर बघायला पळाली. दर्शनाने दार लोटलं आणि गड्डी टेबलावर ठेवली.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी गड्डीकडे पाहिलं. आंबिवलीच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कारखाना बंद पडला, पण कुठलाही कागद सपाट करून ठेवायची सवय काही सुटली नव्हती.

"कागद आहेत," ते म्हणाले.

"ते दिसतंय मला. कल्पिताला गोळ्या देता तुम्ही?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवला नाही.

"रिपोर्ट आला का?"

"आला. होता तिथेच आहे."

"जरासुद्धा उतरला नाही?"

"नाही."

ते खाटेच्या कडेवर बसले. त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

"मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "दिली असेल एखाद-दुसरी. पोर मागते."

नाही म्हणतील, भांडतील, उलट आपल्यालाच बोलतील, अशा तयारीने दर्शना उभी होती. ते एवढ्या सहज हो म्हणाले आणि तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"आठ महिने मी घासभर बाहेरचं खाल्लं नाही, बाबा. बहिणीच्या लग्नात पोरीला डबा घेऊन गेले. लोक हसले. आणि घरात माझ्या पाठीमागे तुम्ही हे करताय? तिची आतडी झडतायत, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"उद्यापासून शाळा सुटली की ती निशिगंधाताईंकडे थांबेल. तुमच्याजवळ नाही."

"बरं."

मग ते म्हणाले, "मी जरा मंजुळाकडे जाऊन राहतो. आंबिवलीला. बरेच दिवस झाले लेकीकडे गेलो नाही."

जाऊ नका, एवढं म्हणायला हवं होतं. ते दर्शनाला त्या क्षणीही कळत होतं. पण तिने वळून आमटीची डाळ घोटायला घेतली. डाळ केव्हाच एकजीव झाली तरी ती रवी फिरवतच राहिली. मागे बाबांनी खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

तिने कढईत तेल तापवलं, मोहरी टाकली, मिसळणाच्या डब्यातल्या वाटीतून चिमूटभर हिंग घातलं. हल्ली या हिंगाला वास फार उग्र यायचा. गेल्याच पौर्णिमेला बाबांच्या हातून हिंगाची डबी पडली आणि सगळं सांडलं, तेव्हापासूनचं हे हिंग. विहारात खीरदान होतं, तिला निघायची घाई, त्यात हा पसारा. तुम्हाला कोणी सांगितलेलं फडताळात हात घालायला, असं ती त्यांना बोललीही होती. त्यांनी त्याच दिवशी कुठूनसं दुसरं आणून दिलं.

दार उघडलं आणि कल्पिता आत आली. टेबलावरची गड्डी पाहून ती थबकली.

"आई, हे टाकू नकोस हं. आजोबांचे आहेत. अजून दोन वाचायचे राहिलेत."

"काय वाचायचे?"

"त्यांना बारीक दिसत नाही ना. बाजारातून एकेक आणून मी वाचते, ते खूण करतात. माझ्या वाढदिवसाला वर्गात वाटायला गोळी शोधतोय आम्ही. मला पण खाता येईल अशी."

दर्शनाने गॅस बंद केला.

"आणि गोळ्या?"

"गोळ्या विश्रामकाकांना. वॉचमनकाकांना. त्यांच्या नातीसाठी."

"आजोबांनी तुला कधी खायला दिली? खरं सांग. मी रागावणार नाही."

कल्पिताने तिच्याकडे असं पाहिलं की प्रश्नाचीच दर्शनाला शरम वाटली.

"तू वाचल्याशिवाय कशी देतील?"

रबरबँड काढताना तुटला. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीची बारीक खूण होती. बरोबर किंवा फुली, आणि खाली तारीख, पुड्यावर मारतात तशी. लिंबाची गोळी बरोबर. आंब्याची बरोबर. वेफर चॉकलेट फुली. मधे एक तपकिरी कागद निघाला, हिंगगोळीचा. त्याच्यावर दोन फुल्या होत्या आणि पुढच्या बाजूला एका ओळीखाली पेन्सिल इतकी दाबून ओढलेली की कागद फाटायला आला होता. दर्शनाने भिंग धरलं. बांधानी हिंग, कंसात डिंक, गव्हाचं पीठ. मागे तारीख. पौर्णिमेची.

"हा वाचला ना," कल्पिता म्हणाली, "तेव्हा आजोबांनी परत वाचायला लावला. मग म्हणाले, चल, कल्याणला जाऊन येऊ."

दर्शना शिलाई मशीनकडे गेली. हिंगाच्या रिकाम्या डब्या ती कधी टाकायची नाही. एकीत सेफ्टीपिना होत्या, एकीत हूक. तिने पिना मशीनवर ओतल्या, डबी उताणी केली आणि भिंग लावलं. तिच्या आईच्या घरी हीच डबी असायची, लग्नानंतर तिनेही हीच आणली. आठ महिन्यांत तिने शंभर गोळ्यांचे कागद वाचले होते. ही डबी वाचावी असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. हिंग कोण वाचतं? घटक पदार्थ. गव्हाचं पीठ दुसऱ्या नंबरला होतं.

सकाळच्या आमटीत चिमूटभर. संध्याकाळच्या भाजीत चिमूटभर. पोट दुखतं म्हणून पोर रडायची, त्या दिवशी बेंबीवर लावून उरलेलं ताकातसुद्धा. तिच्याच हाताने. आणि म्हाताऱ्या माणसाने चष्मा पुसत तेही स्वतःवर घेतलं होतं.

बाहेरच्या खोलीत बाबांनी बॅगेची चेन ओढली. एक सदरा, एक धोतर, औषधांची पिशवी, एवढंच तर सामान. कल्पिता बॅगेकडे आणि आजोबांकडे आळीपाळीने बघत होती. दर्शना दाराशी आली तेव्हा ते पायात चपला सरकवत होते. तिच्या हातात मिसळणाच्या डब्यातली हिंगाची वाटी होती.

"बाबा."

"हं."

"हिंग संपत आलंय."

बाबांनी वाटीत पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मशीनवर सांडलेल्या पिनांकडे. त्यांचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

"आणलेला खडा आहे अजून," ते हळूच म्हणाले. "माझ्या औषधांच्या पिशवीत. तांदळाच्या पिठात कुटून ठेवायचा."

"मला नाही जमणार ते."

"जमतं. आधी दिवसभर उन्हात ठेवावा लागतो, मगच कुटला जातो."

"मग आज कसं होणार?" दर्शना म्हणाली. "ऊन तर गेलं. आपल्या खिडकीत आता उद्या सकाळीच येईल."

बाबांनी पायातली चप्पल काढली. मग त्यांनी बॅगेची चेन उघडली, औषधांची पिशवी बाहेर काढली आणि हिंगाची पुडी कल्पिताच्या हातात दिली.

"जा," ते म्हणाले, "खिडकीत ठेव. विसरायला नको."