विषयाशी संबंध नसलेलं पत्र

तिसऱ्या गठ्ठ्यात भावाचं अक्षर सापडलं तेव्हा अक्काने चष्मा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा लावला. अक्षर तेच होतं. दोन शब्दांत बोटभर मोकळी जागा, ओळ दोरी धरून ओढल्यासारखी, आणि पेन इतकं दाबलेलं की कागदाने कळवळावं.

"सापडलं का हो आजी?" रेकॉर्ड रूमच्या बाईंनी टेबलापलीकडून विचारलं.

"सापडलं. पण भलत्याच घरात निघालं."

आठ वर्षांपूर्वी सरकारने लोकांना एक प्रश्न विचारला होता. पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषाला, बाईवर जीव जडलेल्या बाईला 'सरळ' करून देतो म्हणणारे उपचार चालतात. त्यांच्यावर बंदी घालावी काय? लोकांनी पत्रं पाठवली. पत्रं कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, आणि बंदीचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. शेवटी कुणीतरी माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला, वर्षभर पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे ती पत्रं दोन दिवस कुणालाही बघायला खुली झाली. पेपरात चार ओळींची सूचना आली. अक्काने ती स्वतः वाचली, दोनदा, आणि कुणाला न सांगता बस धरली.

भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. जाण्याआधी एकदा सहज म्हणाला होता, "मीही पाठवलंय हं एक पत्र." काय लिहिलंस, हे विचारायला अक्काची जीभ रेटली नाही. तेच तिला आज बघायचं होतं. त्याने तिच्याबद्दल काय लिहिलंय?

तीन गठ्ठे होते. 'बंदीच्या बाजूने', 'बंदीच्या विरोधात' आणि 'विषयाशी संबंध नाही'. पहिला गठ्ठा तिने दोन तास चाळला. दुसऱ्याला हात लावायचं कारण नव्हतं, तरी लावला; माणसाच्या मनातलं कोण सांगणार? तिसरा उगीच उघडला, आणि त्यातच भाऊ बसलेला.

पत्र एवढंसंच होतं.

'महोदय, बंदी घालावी का, असं तुम्ही विचारलं आहे. मला तिथे अकरा महिने ठेवलं होतं. काय केलं ते लिहायला बसलो की हात थांबतो, म्हणून ते सोडतो. एकच सांगायचं आहे. मला आत घेताना जो कागद केला त्यावर'

इथून पुढे चार ओळींवर खाकी कागदाची पट्टी डकवलेली. पट्टीच्या खाली शेवटचं वाक्य: 'म्हणून कायदा केलात तर असा करा, की असल्या कागदावर कुणाचीच संमती चालू नये. बापाची नाही, बहिणीची नाही, आणि घाबरलेल्या पोराची स्वतःची तर नाहीच.'

अक्काचं बोट पट्टीच्या कडेशी जाऊन थांबलं.

"आजी, पट्टीला हात नाही लावायचा बरं का." बाई उठून आल्या. पन्नाशीच्या असाव्यात, केसांत पेन खोचलेलं. "झेरॉक्सचं मशीन बंद पडलं, म्हणून मूळ पत्रांवरच चिकटवल्यात. तीन दिवस डिंक लावतेय मी. नवरा म्हणाला, आता तुझ्या हातचं काही सुटायचं नाही."

"पण हे झाकलं का?"

"तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती. लिहिणारा पहिला, सरकार दुसरं. त्यात आणखी कुणाचा उल्लेख आला तर ती तिसरी व्यक्ती. तिला न विचारता दाखवता येत नाही."

"अहो, मग विचारा ना. ती तिसरी व्यक्ती तुमच्या टेबलावर कोपरं टेकून बसलीय."

बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "तुम्ही?"

"मी. त्याची थोरली बहीण."

"पुरावा लागतो, आजी. आणि साहेब जेवायला गेलेत."

"साहेब सकाळपासून जेवतायत का?"

"त्यांचं जेवण मोठं असतं."

अक्काने पत्र पुन्हा जवळ ओढलं. पट्टीखाली काय असणार हे तिला अर्धं ठाऊक होतं. अर्धं म्हणजे तिचा अंगठा.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आई नव्हती. बापाने एक छापील कागद आणून तिच्यापुढे धरला. घरातल्या दोघांची संमती लागते म्हणाला. एक त्याची सही, एक तिचा अंगठा. "छापखान्यात शिकाऊ म्हणून घेतायत त्याला." अक्का हरखली. पोरगा एकोणीसचा झाला होता, हाताला काम नव्हतं. तिने दिव्याची काजळी बोटाला लावून अंगठा असा उठवला की रेघन् रेघ दिसावी. आठ दिवसांनी डबा घेऊन ती छापखान्याच्या दारात उभी राहिली, तर मालक म्हणाला, "असा कुणी पोरगा इथे नाही, बाई." तो डबा घेऊन ती कशी परतली, हे तिचं तिला कधी आठवलं नाही. बापाला विचारलं, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

अकरा महिन्यांनी भाऊ आला तो वाळलेला, आणि मोठा आवाज झाला की दचकणारा. दुसऱ्या दिवशी उठून त्याच छापखान्यात गेला आणि काम मागितलं. कागदावरचं खोटं त्याने आपल्या हाताने खरं केलं म्हणायचं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, जुळवणारा झाला, आणि गावातल्या भल्याभल्यांच्या चुका पोटात घालणारा म्हणून नावाजला. अक्काशी मात्र कामापुरतं बोले. मीठ दे. दार लाव. एवढंच.

आणि मग एका संध्याकाळी, कशावरून कोण जाणे, झिजलेल्या खिळ्यांची पुरचुंडी घेऊन आला आणि तिच्या पोळपाटावर उपडी केली.

"बस. आजपासून शिकायचं."

"आता? माझं वय काय, तुझं चाललंय काय?"

"खिळ्यांना वय विचारत नाहीत."

बाकीची पोरं पाटीवर शिकतात, अक्का शिशावर शिकली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं; कागदावर दाबलं की सुलटतं. हे तिला महिनाभर कुणी सांगितलंच नाही. भावाला वाटलं सांगितलंय, तिला वाटलं अक्षरं अशीच असतात. दुकानाची पाटी वाचता येईना, तेव्हा ती रडकुंडीला आली. भाऊ पोट धरून हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा हसला. "अगं अक्का, तू तर छापखान्याच्या आतून वाचतेस!" मग खिळा बोटांत फिरवत म्हणाला, "खिळा उलटाच असतो. तोच त्याचा सरळपणा. त्याला ठोकून सुलट करशील, तर नुसतं शिसं उरेल."

काय दिवस होते ते! शाईचा नि रॉकेलचा वास घेऊन तो घरी येई. पुढे त्याच छापखान्यातला बाइंडर मागच्या खोलीत राहायला आला आणि वीस वर्षं राहिला. तिघं मिळून चहा पीत, पेपरातल्या छपाईच्या चुका शोधत, आणि ज्याला आधी सापडेल त्याने कपबशा धुवायच्या नाहीत असा करार. अक्का सुलटं वाचायला शिकली, पण उलटं कधी विसरली नाही.

तिने पत्राकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "पट्टीला हात लावायचा नाही. कागद पालथा घालायला मनाई आहे का?"

बाईंनी डोळे बारीक केले. "नियमात तसं काही नाही."

अक्काने कागद पालथा घालून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला. इतकं दाबून लिहिलेलं, की मागच्या कोऱ्या बाजूला अक्षरं फुगून वर आली होती. उलटी. खिळ्यांसारखी. ती उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सावकाश वाचू लागली.

'माझ्या थोरल्या बहिणीचा अंगठा आहे. तिला वाचता येत नव्हतं, आणि तिला खोटं सांगितलं. मी तिला चार वर्षं दोष दिला. तिला अक्षरं शिकवली तेव्हा राग गेला, पण तसं मी तिला अजून सांगितलेलं नाही.'

चार वर्षं. राग दोनच वर्षं असेल, पुढे नुसती सवय उरली असेल, असं अक्का धरून चालली होती. म्हणजे ती मीठ दे, दार लावची वर्षं, तिला वाटलं होतं त्याहून दुप्पट कडू होती. बरं झालं लिहिलंस, तिच्या मनात आलं. राग नव्हताच असं लिहिलं असतंस, तर मला खोटं वाटलं असतं.

डोळे भरून आले तसं अक्षर हललं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"काय लिहिलंय, विचारू का?"

"विचारू नका, वाचा. त्या कागदावरचा अंगठा माझा. सगळ्यांनाच वाचू दे. मला अर्ज लिहायचाय. ती तिसरी व्यक्ती मी, माझी हरकत नाही, पट्टी काढा. आणि हे पत्र या गठ्ठ्यातून काढून पहिल्यात घाला. संबंध नाही म्हणे! सगळ्या कपाटात याच्याइतका संबंध कुणाचा आहे?"

बाईंनी कोरा कागद पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "आजी, पट्टी निघाली की तुम्ही उघड्या पडाल. उद्या कुणीही येईल, पेपरवाले येतील. अंगठा तुम्ही दिला होता, असं छापतील."

"दिलाच होता की."

"लोक वाईट बोलतात."

"बोलू देत. पण ते वाचून एखादी तरी बहीण हातातला कागद खाली ठेवील ना?"

बाईंनी केसांतलं पेन काढून तिला दिलं. अक्काने अर्ज लिहिला; सव्वा पान झालं. बाईंनी तो वाचला, एका जागी 'हरकत'मधला र राहिला होता तो दाखवला, आणि आवक क्रमांक टाकला.

"साहेब सही करतील, मग काढता येईल पट्टी. गठ्ठा बदलायचं मात्र समितीपुढे जाईल. वेळ लागेल. तुम्ही घरी जा, मी कळवते."

"घरी कोण वाट बघतंय? बसते मी."

साहेबांचं जेवण खरंच मोठं होतं. अक्काने भावाचं पत्र नीट सुलटं करून बाजूला ठेवलं. त्या गठ्ठ्यात आणखी एकेचाळीस पत्रं होती. ही कुणाची, यांचा विषयाशी संबंध कुणी आणि कसा तोडला, कोण जाणे. तिने खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि पुढचं पत्र उचललं. कुणा आईचं होतं. 'माझी मुलगी,' अशी सुरुवात होती.